माशांचं पाणी, बॉयलरचा धूर आणि शैवाल: प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

आजपासून नोंदी. मत्स्यसंवर्धनाच्या टाक्यांमधून रोज बाहेर सोडलं जाणारं पाणी आणि शेजारच्या बॉयलरच्या चिमणीतून जाणारा धूर, या दोन टाकाऊ गोष्टींवर सूक्ष्मशैवाल वाढवायचं आहे. पाणी पुन्हा माशांना देण्याइतकं स्वच्छ झालं आणि वर शैवालही हाती आलं, तर काम साधलं.

मांडणी साधी आहे. पारदर्शक ॲक्रिलिकचे चार उभे स्तंभ, प्रत्येकी ८० लिटर, उघड्यावर, सकाळपासून ऊन मिळेल असे. अ आणि ब मध्ये माशांचं पाणी आणि धूर. क मध्ये माशांचंच पाणी, पण बुडबुडे नुसत्या हवेचे. ड मध्ये बीजी-११ हे प्रयोगशाळेतलं माध्यम आणि धूर. ड कशाला, असं सहकाऱ्याने विचारलं. उद्या कल्चर, म्हणजे वाढवलेलं शैवाल, बिघडलं तर दोष पाण्याचा की धुराचा हे सांगायला एक साक्षीदार हवा, म्हणून.

कल्पना नवी नाही. विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांडपाण्याची उथळ, सतत हलती तळी उभी केली. त्यात शैवाल जीवाणूंना ऑक्सिजन देई आणि जीवाणू घाण कुजवून शैवालाला कार्बन डायऑक्साइड आणि इतर खाद्य देत. आमच्याकडे मैल्याऐवजी माशांचं पाणी आहे, आणि त्यात कुजवण्याजोगा सेंद्रिय कार्बन फारच कमी आहे. सगळी गोम तिथेच आहे, हे पुढच्या नोंदीत येईल.

९ जानेवारी

पाण्याची तपासणी झाली. घन कचरा गाळणाऱ्या ड्रम फिल्टरनंतरच्या संपातलं, म्हणजे पाणी जमण्याच्या खड्ड्यातलं, पाणी घेतलं. नायट्रेटमधला नायट्रोजन लिटरला ३८ मिलिग्रॅम, अमोनियातला २, फॉस्फेटमधला फॉस्फरस ५. अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला १५० मिलिग्रॅम.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे टाकतात. बायोफिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून नायट्रेटचा आकडा इतका मोठा. नायट्रोजन आणि फॉस्फरसचं वजनी गुणोत्तर ८ ला १ निघालं. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी समुद्रातल्या प्लवकांवरून काढलेलं प्रसिद्ध प्रमाण अणूंच्या हिशेबात कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असं आहे. त्याचं वजनात रूपांतर केलं तर नायट्रोजन-फॉस्फरस साधारण ७ ला १ येतं. म्हणजे हे पाणी जणू शैवालासाठीच मापून आणलंय.

कार्बनचं मात्र तसं नाही. ४० मिलिग्रॅम नायट्रोजन पूर्ण वापरायला त्याच प्रमाणाने सुमारे २३० मिलिग्रॅम कार्बन लागेल. पाण्यातल्या बायकार्बोनेटमध्ये आहे फक्त ३६. लागतो त्याच्या सहाव्या भागाहूनही कमी. हवेतून तूट भरून निघेल म्हणावं, तर हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के. बॉयलर नैसर्गिक वायूवर चालतो, त्याच्या चिमणीत आम्हाला ८ टक्के मिळाला. हवेच्या दोनशेपट.

१२ जानेवारी

स्तंभांना हात लावायच्या आधी सुरक्षेचं काम पूर्ण केलं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वास नाही, रंग नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचतो. दोन्हींचे अलार्म बसवले, ब्लोअर उघड्या बाजूला ठेवला, आणि धुराची नळी सुरू असताना संपाच्या खड्ड्यात कोणी उतरायचं नाही हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. या बाबतीत कोणालाही सूट नाही, मलाही नाही.

१५ जानेवारी

बीज-कल्चर तयार आहे. क्लोरेला व्हल्गॅरिस. डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १८९० मध्ये ही जात वेगळी काढली. पेशी गोल, काही मायक्रॉनची, भिंग लावूनही साध्या डोळ्याला न दिसणारी. फ्लास्कमधून बाटलीत, बाटलीतून मोठ्या बरणीत अशी तीन आठवडे वाढवत आणली. आज बरणी इतकी गर्द झाली की मागे धरलेला हात दिसेना.

१९ जानेवारी

चारही स्तंभ भरले, बीज घातलं. पाणी २५ मायक्रॉनच्या पिशवीतून गाळून घेतलं. दिवसा धूर मिनिटाला ४ लिटर, सतत.

२० जानेवारी

सकाळी अ मध्ये बुडबुडेच नाहीत. नळी उघडली तर आत पाणी. नैसर्गिक वायू जळताना भरपूर वाफ तयार होते आणि धुराचं तापमान साधारण ५५ अंशांखाली गेलं की ती नळीतच पाणी होऊन साचते. ते पाणी आम्लधर्मी, पीएच ४ च्या आसपास. आमची नळी मध्ये झोळीसारखी लोंबत होती, तिथे ते जमलं. नळीला एकसारखा उतार दिला, सर्वांत खालच्या जागी तोटी असलेली बाटली लावली. संध्याकाळपर्यंत अर्धी भरली. ही बाटली रोज सकाळी रिकामी करायची, नाव लिहून जबाबदारी ठरवली.

२३ जानेवारी

आज बराच वेळ पीएचच्या आकड्यांकडे बघत बसलो आणि समाधान वाटलं.

पहाटे बॉयलर सुरू होतो, ऊन यायला अजून दोन तास असतात. तेवढ्यात धूर पाण्यात विरघळून पीएच खाली आणतो. ड मध्ये, म्हणजे शुद्ध प्रयोगशाळेतल्या माध्यमात, तो ५.६ पर्यंत घसरला. अ आणि ब मात्र ६.४ वर येऊन थांबले, तिथून हलेनात. ८ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या संपर्कात असलेल्या पाण्यात किती वायू विरघळेल हे ठरलेलं असतं, आणि त्याच्यासमोर बायकार्बोनेट किती आहे त्यावर पीएच कुठे टेकेल हे ठरतं. आमच्या अल्कलिनिटीने हिशेब केला, उत्तर ६.४ च आलं.

ही अल्कलिनिटी आली कुठून? मत्स्यसंवर्धनाच्या टाक्यांवर काम करणारे काका दर दिवशी सोडियम बायकार्बोनेट घालतात. अमोनियाचं नायट्रेट होताना एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते, ती भरून काढावी लागते. त्यांनी माशांसाठी घातलेलं आमच्या शैवालाला सांभाळतंय. आणि शैवाल नायट्रेट शोषतं तेव्हा याच्या उलट घडतं, प्रत्येक ग्रॅममागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी परत मिळते. पाणी परत दिलं तर काकांचं बायकार्बोनेट थोडं कमी लागेल. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आधी पाणी द्या, मग बघू."

२७ जानेवारी

क बद्दल. नुसत्या हवेचा स्तंभ पहिले तीन दिवस छान हिरवा होता, मग थांबला. दुपारी पीएच १०. कार्बन संपला की शैवाल बायकार्बोनेटमधून कार्बन ओढतं आणि पीएच वर वर जातो.

गंमत अशी की तपासणीत क चं पाणी चांगलं दिसतं! अमोनिया जवळजवळ शून्य, फॉस्फेटही खूप उतरलेलं. सहकारी म्हणाली, मग धुराची गरजच काय? दोन दिवस या प्रश्नाने डोकं खाल्लं. उत्तर पीएचमध्येच आहे. साधारण २५ अंशाला पीएच ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा अर्धा टक्काच मुक्त वायूच्या रूपात असतो. ९.२५ ला निम्मा. १० ला ८५ टक्के. वरून हवेचे बुडबुडे सोडले की तो वायू सरळ बाहेर उडतो. तसंच फॉस्फेट इतक्या पीएचला कॅल्शियमबरोबर बसून तळाशी जातं. म्हणजे यातलं बरंचसं शैवालाने खाल्लेलंच नाही. अमोनिया हवेत गेला आणि फॉस्फरस गाळात.

नायट्रेट मात्र असं उडत नाही की बसत नाही. क मध्ये ते ३८ वरून २९ ला आलं आणि तिथेच अडलं. अ मध्ये ९. यापुढे यश मोजायचं ते नायट्रेटवर आणि वाळवलेल्या शैवालाच्या वजनावर, अमोनियावर नाही. कोणी हे काम करणार असेल तर ही एक गोष्ट त्यांना हात धरून सांगावीशी वाटते.

३१ जानेवारी

रोजचा क्रम ठरला: सकाळी १६ लिटर कल्चर काढायचं, १६ लिटर ताजं पाणी घालायचं. म्हणजे पाणी स्तंभात सरासरी पाच दिवस राहतं. अ आणि ब मध्ये कोरडं वजन लिटरला ०.४५ ग्रॅमच्या आसपास स्थिर. नायट्रोजनच तेवढा आहे, यापेक्षा जास्त येणार नाही.

४ फेब्रुवारी

हिशेबाचा दिवस.

शैवालाच्या कोरड्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणून एक किलो शैवालामागे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. एका स्तंभात आम्ही दिवसाला सुमारे ७ ग्रॅम शैवाल काढतो, म्हणजे १३ ग्रॅम वायू बांधला गेला. आणि दिलेला किती? मिनिटाला ४ लिटर, दहा तास, त्यातला ८ टक्के: जवळजवळ ३४५ ग्रॅम. शंभरातले चारसुद्धा नाहीत. बाकीचा बुडबुड्यातून वर येऊन पुन्हा हवेत.

धूर ठरावीक वेळी सुरू-बंद करणारा टायमर काढून टाकला. आता पीएच प्रोबवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, जोडला आहे: ७.६ च्या वर गेला की धूर सुरू, ७.२ ला बंद, मधल्या वेळात मिसळण्यापुरती हवा. रात्री शैवाल श्वास घेतं, स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतं, पीएच आपोआप उतरतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही. पहाटेचा धूर वाया जाणं बंद.

८ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह दिवसभरात एकूण साठ मिनिटांच्या आसपास उघडतो. पुन्हा हिशेब: दिलेला ३४ ग्रॅम, बांधलेला १३. पाण्यात मुळात असलेला कार्बन वेगळा मोजलेला नाही, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला असेल, पण चारवरून तिसाच्या पुढे गेलो हे नक्की. शैवालाचं वजन तसूभरही कमी झालं नाही.

९ फेब्रुवारी

काल रात्री झोप लागेना म्हणून उलटा हिशेब केला. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे १.९ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. समजा एक हेक्टरची उघडी तळी आहेत आणि चौरस मीटरला रोज २० ग्रॅम शैवाल येतंय, जे चांगल्या उन्हातलं चांगलं उत्पादन आहे. म्हणजे रोज २०० किलो शैवाल, ३६० किलो वायू बांधला. म्हणजे २०० घनमीटरांच्याही आत जळालेल्या वायूचा धूर. ताशी एक टन वाफेचा लहान बॉयलर तेवढा अडीच-तीन तासांत जाळतो. शिवाय हे शैवाल माशांनी खाल्लं किंवा कुजलं, की बांधलेला कार्बन परत सुटतो.

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आम्ही "धुराचं शुद्धीकरण" असं लिहिलं होतं. आज ते खोडलं. चिमणी यातून साफ होत नाही. साफ होतं ते पाणी, आणि धूर त्यासाठी लागणारं साधन आहे: खाद्यही तोच देतो आणि पीएच सांभाळून अमोनियाला विष होण्यापासूनही तोच रोखतो. हे स्वच्छ शब्दांत लिहिल्याने प्रकल्प लहान झाला असं मला अजिबात वाटत नाही. आता तो खरा झाला.

१३ फेब्रुवारी

ढगाळ. चौथा दिवस. काढणी निम्म्यावर आणली, नाहीतर कल्चर पातळ होऊन वाहून जाईल.

१७ फेब्रुवारी

अ पिवळट. ब पिवळट. क सुद्धा. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फिकट, काही फुटलेल्या. फक्त ड पूर्वीसारखा गर्द हिरवा.

ड साठी जो साक्षीदाराचा शब्द वापरला होता तो आज कामी आला. धूर तोच, ऊन तेच. फरक पाण्यात. लगेच संपाकडे गेलो. काकांकडून कळलं की विलगीकरणाच्या टाकीतल्या माशांवर परजीवी दिसले म्हणून परवापासून कॉपर सल्फेट घातलंय, आणि त्या टाकीचं पाणीही याच संपात येतं. गोड्या पाण्यात त्याची मात्रा अल्कलिनिटीवरून ठरवतात, अल्कलिनिटीच्या आकड्याचा शंभरावा भाग. आमच्या १५० ला लिटरमागे दीड मिलिग्रॅम. माशांना ते चालतं. शैवालाला तांबं त्याहून कितीतरी कमी मात्रेत मारतं. जलाशयांतलं शैवाल मारायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हेच तर वापरलं जातं.

चूक कोणाची म्हणायची? त्यांनी माशांना वाचवलं, ते त्यांचं काम. आम्ही कधी विचारलंच नव्हतं की टाक्यांमध्ये काय काय पडतं. आज बसून यादी केली: कॉपर सल्फेट, फॉर्मॅलिन, मीठ, टाकी धुताना क्लोरीन. यापुढे विलगीकरणाचं पाणी वेगळ्या नळीने जाईल, आणि संपाजवळच्या पाटीवर रोज सकाळी काका लिहितील: औषध आहे किंवा नाही.

१८ फेब्रुवारी

अ, ब, क रिकामे केले. धुतले, पुन्हा भरले. एक महिन्याचं कल्चर ओतताना जीव हळहळला.

२६ फेब्रुवारी

नव्या कल्चरला आठ दिवस. दुपारी ब धुरकट दिसला. थेंब पाहिला तर रोटिफर, शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी, पोटं हिरवी, मागे अंडी चिकटलेली. एका थेंबात पाच. गाळायच्या पिशवीची शिवण उसवली होती. रोटिफर शंभर मायक्रॉनच्या पुढचे आणि क्लोरेला दहाच्या आतली, म्हणून ४० मायक्रॉनच्या जाळीतून सगळा स्तंभ गाळला. शैवाल खाली उतरलं, रोटिफर वर राहिले. काकांनी ते फेकू दिले नाहीत, माशांच्या पिल्लांच्या टाकीत घातले. पिल्लं तुटून पडली.

१ मार्च

सलग तीन दिवस गाळून ब मोकळा झाला. पण त्यात काहीतरी नवीन आहे: चार पेशी एकमेकींना चिकटून ओळीत, टोकांना काटे. सीनेडेस्मस वर्गातलं शैवाल. आम्ही घातलं नव्हतं, माशांच्या पाण्यातूनच आलं असणार.

९ मार्च

ब मध्ये आता निम्म्याहून जास्त सीनेडेस्मस. अ मध्येही दिसू लागलंय. सहकाऱ्याचं म्हणणं, सगळं टाकून शुद्ध क्लोरेला पुन्हा लावू. मी नाही म्हटलं. या पाण्यात जे स्वतःहून टिकतं त्याला हुसकावण्यात रोजची मेहनत घालवायची कशाला? वसाहत मोठी असल्याने चरणाऱ्या जीवांना ती गिळायला अवघड, आणि बुडबुडे थांबवले की क्लोरेलाच्या मानाने लवकर खाली बसते. नायट्रेट आजही ७. पाणी साफ होण्याशी मतलब.

१५ मार्च

काढणी. ८० लिटरात जेमतेम ३६ ग्रॅम शैवाल, म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे दोन लिटरहून जास्त पाणी बाजूला काढायचं. सेंट्रिफ्यूजने, म्हणजे वेगाने गरगर फिरवून, होतं, पण इतक्या पातळ कल्चरला लागणारी वीज परवडत नाही. कोळंबीसारख्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान वापरून पाहिलं, गोळे छान बांधले गेले.

मग २७ जानेवारीची नोंद आठवली. काढलेलं कल्चर वेगळ्या टाकीत धुराशिवाय उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पीएच १०.६. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बसू लागले, आणि बसताना शैवालाला बरोबर घेऊन गेले. तासाभरात वरचं पाणी नितळ. जे क मध्ये अडचण होती तेच इथे फुकटचं काढणीयंत्र झालं.

१८ मार्च

वरचं पाणी असं माशांना देता येत नाही. पीएच १० ला उरलासुरला अमोनियाही घातक. म्हणून पुन्हा थोडा धूर सोडला, पीएच ७.५ ला आणला, मग दोन तास हवा देऊन जास्तीचा कार्बन डायऑक्साइड काढून टाकला. नायट्रेट ६, अमोनिया आमच्या किटला दिसत नाही, नायट्राइटही नाही. फॉस्फरस ०.३, त्यातला काही शैवालाबरोबर गाळात गेलेला.

तळाचा हिरवा गाळ माशांच्या खाद्यात लगेच मिसळायचा नाही, असं ठरवलं. धुरातून आणि पाण्यातून जड धातू त्यात साठू शकतात, शिवाय तांब्याचा प्रसंग ताजा आहे. नमुने तपासायला दिले आहेत. तोवर तो झाडांना.

२२ मार्च

काकांनी एक लहान टाकी रिकामी करून दिली. त्यात निम्मं आमचं पाणी, निम्मं नेहमीचं, आणि वीस मासे. शेजारी तेवढेच मासे नेहमीच्या पाण्यात. दर चार तासांनी ऑक्सिजन, पीएच, अमोनिया.

२९ मार्च

सात दिवस झाले. दोन्ही टाक्यांत मासे सारखंच खातात, एकही मेला नाही. आमच्या टाकीत काकांनी या आठवड्यात बायकार्बोनेट दोनदाच घातलं, शेजारच्या टाकीत रोज. आज ते स्वतःहून आले आणि म्हणाले, "उद्यापासून पाऊण टाकी तुमचं पाणी घालू."

उद्या सकाळी सातला पाणी बदलायचं. त्याआधी पाटी बघायची.